जड बॅट ते जलद बॅट

विटी-दांडू खेळलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. हवेत उडालेल्या विटीला टोला हाणायचा तो हाताला सुटसुटीत वाटणाऱ्या दांडूने. जाडजूड सोटा घेऊन आलेला मुलगा पहिल्या डावात ऐटीत उभा राहतो आणि दुसऱ्या डावात शेजाऱ्याचा दांडू उसना मागतो. आपल्या गल्लीबोळांत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. अमेरिकेत मात्र, जेथे टोल्याच्या खेळाला राष्ट्रीय खेळाचा मान मिळाला, तेथे एवढे उमगायला कित्येक दशके लागली. आणि उमगल्यावरही त्यातला एक भाग अजून खेळाडूंच्या पचनी पडलेला नाही.

बेसबॉल आणि त्याचे धाकटे भावंड सॉफ्टबॉल यांची ओळख क्रिकेटच्या चाहत्याला लवकर पटते. येथे चेंडू टप्पा घेत नाही, सरळ हवेतून येतो. बॅट सपाट नसून गोल असते आणि ती शरीराभोवती आडवी फिरवायची असते. चेंडू टाकणारा पिचर फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. १८९३ पासून हे अंतर बदललेले नाही. ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने सुटलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात. बॅट खांद्यामागून निघून चेंडूला भिडेपर्यंत साधारण दीड दशांश सेकंद जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू पाहायचा, ओळखायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. बॅट जितकी जलद फिरेल तितका हा विचाराचा अवधी वाढतो. एक शतांश सेकंद वाचला, तर तेवढ्यात चेंडू सव्वा फूट पुढे आलेला असतो, आणि सव्वा फूट अधिक जवळून पाहिलेला चेंडू अधिक नीट ओळखता येतो. बॅटच्या वेगाची बरीचशी कहाणी या सव्वा फुटाची आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूंनी हा हिशेब कधी मांडला नव्हता. त्यांच्या बॅटी हिकरीसारख्या जड लाकडाच्या, जाड मुठीच्या आणि भक्कम वजनाच्या असत. अर्थात त्यांना सर्वस्वी अडाणी ठरवणेही न्याय्य होणार नाही. त्या काळचा चेंडू मऊ असे आणि तोच एक चेंडू मळून, चेपून जाईपर्यंत वापरला जाई. असला चेंडू कितीही जोराने मारला तरी दूर जात नसे. म्हणून क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागेत तो नेमका ढकलणे हीच फलंदाजीची कला मानली जाई. टाय कॉब हा त्या कलेचा बादशहा. तो मुठीवर दोन्ही हात एकमेकांपासून दूर धरून उभा राही. बॅटवर ताबा राहावा म्हणून त्याने वेगाचा मोह सोडला होता.

ऑगस्ट १९२० मध्ये क्लीव्हलँड संघाचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला. मळकट चेंडू त्याला दिसलाच नसावा, असे मानले गेले. त्यानंतर खराब झालेला चेंडू तत्काळ बदलावा, यावर पंचांचा कटाक्ष राहू लागला. स्वच्छ, टणक चेंडू दूर जाऊ लागला. त्याच मोसमात बेब रूथ नावाच्या धिप्पाड खेळाडूने ५४ होम रन काढून सगळा देश चकित केला. न्यूयॉर्कचा त्याचा स्वतःचा संघ वगळला, तर अमेरिकन लीगमधल्या एकाही संपूर्ण संघाला त्या वर्षी इतके होम रन काढता आले नव्हते. मोकळी जागा शोधण्याच्या फंदात रूथ पडत नसे. मूठ अगदी टोकाला धरून तो सर्वांगाने बॅट फिरवी. चुकला तर गिरकी घेऊन खाली बसे. प्रेक्षकांना ते चुकणेही पाहावेसे वाटे.

बॅटच्या वेगाची पहिली गाजलेली शास्त्रीय मोजणी याच रूथवर झाली. १९२१ साली ह्यू फुलर्टन या क्रीडापत्रकाराने त्याला एका सामन्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत नेले. (याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले होते. मराठी वाचकाला त्या वास्तूचे नाव परके नाही.) तेथे त्याची दृष्टी, श्रवण, बोटांची चपळाई, सारे तपासण्यात आले. छातीवर श्वास नोंदवणारी नळी बांधण्यात आली. वेळेची सूक्ष्म मोजणी करणाऱ्या यंत्राला विजेच्या तारांनी जोडलेली बॅट त्याच्या हाती देण्यात आली. ती ५४ औंसांची, म्हणजे दीड किलोची होती. सेकंदाला ११० फूट, म्हणजेच ताशी ७५ मैल, हा तिचा वेग निघाला. त्याच्या डोळ्यांचा आणि कानांचा प्रतिसाद सर्वसाधारण माणसापेक्षा जलद असल्याचेही आढळले.

या चाचणीत एक दोषही सापडला. बॅट फिरवताना रूथ श्वास रोखून धरत असे आणि त्यामुळे त्याची काही शक्ती वाया जाते, असे परीक्षकांचे मत पडले. ‘पॉप्युलर सायन्स मंथली’च्या ऑक्टोबर १९२१ च्या अंकात हा वृत्तान्त छापून आला. तो वाचून रूथच्या डोळ्यांची आणि मज्जातंतूंची वाहवा सगळ्यांनी केली. पण दीड किलोची ती बॅट जर एक किलोची असती तर काय झाले असते, हा साधा प्रश्न तेव्हा कोणी लावून धरल्याचे दिसत नाही. यशस्वी माणसाचे सगळेच अनुकरणीय वाटू लागते, त्याच्या यशाला नडणारी गोष्टसुद्धा. पुढे रूथने स्वतःच आपल्या बॅटचे वजन चाळीस औंसांच्या आसपास आणले, हे त्याच्या अनुकरण करणाऱ्यांनी फार उशिरा ध्यानी घेतले.

हा प्रश्न मनापासून विचारला तो टेड विल्यम्सने. सडपातळ बांध्याचा हा कॅलिफोर्नियाचा तरुण १९३८ साली मिनियापोलिसच्या संघातून खेळत होता. मोसमाच्या अखेरच्या उकाड्याच्या दिवसांत थकवा जाणवू लागला, तेव्हा त्याने सहज म्हणून एका सहकाऱ्याची काडीसारखी हलकी बॅट उचलली, आणि त्या बॅटने मारलेला चेंडू मैदानाबाहेर गेला. टोला फारसा जोराचा वाटला नव्हता, तरी चेंडू गेला, याचे त्याला नवल वाटले. आयुष्यभर तो या नवलाचा पाठपुरावा करत राहिला. बॅटी बनवणाऱ्या लुईव्हिलच्या कारखान्यात जाऊन तो कारागिरांशी बोलला, लाकडाच्या रेषा पाहून फळी निवडू लागला. दमट हवेत लाकूड ओलावा धरते आणि बॅट जड होते, हे लक्षात आल्यावर तो आपल्या बॅटी पोस्टात नेऊन तेथल्या काट्यावर तोलून घेई. पुढे संघाच्या खोलीतच काटा आणवला गेला. अर्ध्या औंसाचा, म्हणजे चौदा ग्रॅमचा फरक त्याच्या हाताला कळे, अशी आख्यायिका आहे. १९४१ च्या मोसमात त्याची सरासरी .४०६ होती. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये मोसमभर .४०० ची रेषा कोणी ओलांडलेली नाही.

विल्यम्सने ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ हे पुस्तक लिहिले. टोल्याचे बळ मनगटात किंवा दंडात शोधू नका, कंबर आधी वळली पाहिजे, हात तिच्या मागोमाग येतात, हा त्याचा आग्रह होता. पुढच्या पिढीत शास्त्रज्ञांनी जलद कॅमेरे लावून पाहिले तेव्हा त्याचे म्हणणे खरे ठरले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फलंदाजांच्या शरीराचा एकेक भाग कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने वळतो हे मोजले गेले. कमरेचा वेग सेकंदाला सुमारे ७०० अंश, तिच्यानंतर खांद्यांचा ९०० हून अधिक, आणि शेवटी हातांचा ११०० हून अधिक. गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला हे सूत्र नवे वाटणार नाही. पायाने जमिनीला दिलेला रेटा एकेक टप्पा चढत, प्रत्येक टप्प्यावर वेग वाढवत बॅटच्या टोकापर्यंत पोचतो. त्यातला कुठलाही भाग घाईने आधी निघाला किंवा आळसाने मागे राहिला, की साखळी तुटते. मग दंडाची ताकद कितीही असो.

शिकागो संघाच्या एर्नी बँक्सने या गोष्टीची प्रचिती मैदानावर दिली. बँक्स अंगाने किडकिडीत आणि त्याची बॅट जेमतेम ३१ औंसांची, म्हणजे नऊशे ग्रॅमहून कमी. १९५५ च्या मोसमात त्याने ४४ होम रन काढले. हँक ॲरनच्या मनगटांची कीर्तीही याच काळातली. एप्रिल १९७४ मध्ये त्याने रूथचा ७१४ होम रनांचा विक्रम मोडला आणि कारकिर्दीच्या अखेरीस तो ७५५ वर थांबला. आता खेळाडू आपण होऊन हलक्या बॅटी मागू लागले. बॅटची मूठ बारीक होत गेली आणि हिकरीची जागा ॲशच्या हलक्या लाकडाने घेतली.

प्रशांत महासागराच्या पलीकडे, जपानमध्ये, हाच शोध एका वेगळ्या वाटेने चालला होता. सादाहारू ओह १९५९ मध्ये टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघात आला. मोठ्या अपेक्षेने आणलेला हा तरुण पहिली तीन वर्षे चाचपडत राहिला. बॅट पुढे न्यायच्या ऐन वेळी त्याचे हात मागे अडखळत आणि तेवढ्यात चेंडू निघून जाई. १९६२ साली हिरोशी अराकावा फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी या शिष्याला ऐकिदो या युद्धकलेच्या गुरूंकडे नेले आणि पुढचा पाय गुडघ्यात वाकवून वर उचलायला लावले. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला उगीच हेलकावे खाता येत नाहीत; तोल सांभाळायचा तर शरीर एका रेषेत यावेच लागते. १ जुलै १९६२ रोजी ओहने हा बगळ्याचा पवित्रा प्रथम सामन्यात घेतला. त्या वर्षी त्याने ३८ होम रन काढले आणि त्या वर्षापासून सलग तेरा मोसम तो लीगमध्ये अव्वल राहिला.

एवढ्यावर अराकावांचे समाधान झाले नाही. घरी छताला दोरीने कागदाची पट्टी टांगायची आणि खऱ्याखुऱ्या जपानी तलवारीने ती कापायची, हा त्यांनी घालून दिलेला सराव. लोंबता कागद बळाने कापला जात नाही. जोर लावला की तो बाजूला सरतो. पाते जराही न डगमगता, एका सरळ मार्गाने आणि पुरेशा वेगाने गेले, तरच पट्टीचे दोन तुकडे होतात. रात्ररात्र हा उद्योग चाले. गुरूच्या घरातल्या चटया शिष्याच्या पायांखाली झिजल्या असतील, यात शंका नाही. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर या सरावाची थोरवी अशी की, चूक झाली की नाही हे गुरूला सांगावेच लागत नाही, कागदच सांगतो. ओहने सप्टेंबर १९७७ मध्ये ॲरनचा आकडा ओलांडला आणि १९८० साली निवृत्त होताना त्याच्या नावावर ८६८ होम रन होते.

असा तत्काळ उत्तर देणारा कागद अमेरिकन खेळाडूंच्या सरावात नव्हता, आणि म्हणूनच तेथे एक मोठी फसगत झाली. आपली पाळी येण्यापूर्वी दोन-तीन बॅटी एकत्र धरून फिरवण्याची रीत तेथे जुनीच होती. जड फिरवून झाले की एकटी बॅट पिसासारखी वाटते, असे सगळेच सांगत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच कल्पनेतून एक साधन बाजारात आले. बॅटच्या जाड भागावर सरकवायचे हे लोखंडी, जड कडे. तेथल्या एका गोल खाद्यपदार्थावरून त्याला डोनट म्हणू लागले. यांकीज संघाचा नामवंत खेळाडू एल्स्टन हॉवर्ड याने त्याचा पुरस्कार केला आणि थोड्याच काळात शाळकरी मुलांपासून विश्वविजेत्यांपर्यंत सर्वांच्या सरावात ते कडे दिसू लागले.

हवाई विद्यापीठातील कूप डेरेन यांनी पुढे बॅटचा वेग प्रत्यक्ष मोजून पाहिला. सरावासाठी निरनिराळ्या वजनांची साधने देऊन, त्यानंतर नेहमीची बॅट किती वेगाने फिरते याची त्यांनी तुलना केली. सर्वांना प्रिय असलेल्या त्या कड्यानंतर वेग मंदावत होता. नेहमीच्या बॅटच्या जवळपास वजन असलेल्या साधनांनी सराव केल्यावर तो उत्तम राहत होता. २००२ साली जपानी संशोधकांनी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. त्यांनी वेग मोजला आणि त्याच वेळी खेळाडूला काय वाटले हेही विचारले. जड बॅट फिरवून झाल्यावर नेहमीची बॅट हलकी वाटली, आपण अधिक जलद फिरवत आहोत असेही वाटले. यंत्राने मात्र पहिल्याच फटक्याचा वेग कमी झाल्याची नोंद केली. बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या हाताला साधे पाणी ऊन लागते, तसाच हा स्नायूंचा भ्रम. शेकडो अनुभवी खेळाडूंची एकमुखी साक्ष खोटी ठरावी आणि तरीही त्यांपैकी एकही जण खोटे बोलत नसावा, असे प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाला अन्यत्रही भेटतात.

ते कडे अजूनही मैदानावर दिसते. बरे वाटणे ही गोष्ट सोडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही.

डेरेन यांचे दुसरे काम अधिक रचनात्मक होते. त्यांनी आठवड्यांच्या दीर्घ सरावात नेहमीपेक्षा थोडी जड, थोडी हलकी आणि नेहमीची, अशा तिन्ही बॅटी आलटून-पालटून वापरायला दिल्या. जड बॅटने बळ वाढते, हलकीने हातापायांना वेगाची सवय लागते. अशा सरावाने बॅटचा वेग खरोखर वाढला, आणि हवेत नुसती बॅट फिरवणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष चेंडू मारणाऱ्यांना अधिक लाभ झाला. येथे ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. फरक काही औंसांचाच ठेवायचा. फार जड बॅट हाती दिली की शरीर निराळीच हालचाल शिकते. आपल्याकडे शाळकरी मुलाला क्रिकेटची बॅट घेताना पुढची तीन-चार वर्षे पुरेल अशी मोठ्यांची बॅट घेतली जाते, गणवेश जसा दोन बोटे मोठा शिवतात तसा. गणवेशात मूल वाढते. बॅटच्या बाबतीत मात्र तो चुकीचा फटका कायमचा अंगवळणी पडतो. सचिन तेंडुलकर यांची बॅट जड होती हे खरे. परंतु तो त्यांच्या हाताचा आणि त्यांच्या सरावाचा प्रश्न होता.

बॅट हलकी करण्याला मर्यादा आहे की नाही, याचा विचार भौतिकशास्त्रज्ञांनी केला. येल विद्यापीठाचे रॉबर्ट अडेर यांचे ‘द फिजिक्स ऑफ बेसबॉल’ हे पुस्तक १९९० मध्ये निघाले. बॅटचे वजन एक दशांशाने वाढवले तर तिची ऊर्जा एक दशांशाने वाढते. वेग एक दशांशाने वाढवला तर ऊर्जा एक पंचमांशाहून अधिक वाढते, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही सापडेल. परंतु बॅट निम्म्या वजनाची केली म्हणून वेग दुप्पट होत नाही, कारण फलंदाजाला बॅटबरोबर स्वतःचे हात आणि धडही फिरवायचे असते, आणि ते काही हलके होत नाहीत. म्हणून नुसत्या अंतराचा विचार केला तर फार हलकी बॅट तोट्याचीच. हलक्या बॅटचा खरा लाभ अवधीचा आहे, तोच तो सव्वा फुटाचा. इलिनॉय विद्यापीठाचे ॲलन नेथन यांनी दुसरा हिशेब मांडला. बॅटचा वेग ताशी एक मैलाने वाढला, तर परतणाऱ्या चेंडूचा वेग सुमारे सव्वा मैलाने वाढतो. पिचरने मात्र चेंडू एक मैल अधिक वेगाने टाकला तर परतीच्या वेगात जेमतेम एक पंचमांश मैलाची भर पडते. चेंडू आणि बॅट यांची भेट सेकंदाच्या सुमारे एक सहस्रांश भागात आटोपते.

२००६ साली सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, रूथवर झालेल्या चाचण्यांच्या धर्तीवर अल्बर्ट पुहोल्स या आधुनिक वीराची चाचणी घेण्यात आली. ३१.५ औंसांची त्याची बॅट ताशी सुमारे ८७ मैल वेगाने फिरली. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या यंत्रांच्या असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. गंमत अशी की, नुसत्या ऊर्जेचा गुणाकार केला तर पारडे रूथच्या त्या दीड किलोच्या ओंडक्याकडेच झुकते. परंतु आजच्या जलद आणि वळणाऱ्या चेंडूंपुढे तो ओंडका वेळेवर पोचला असता का, हा प्रश्न उरतोच.

वेगाच्या या ध्यासाने खेळाला वाकड्या वाटेनेही नेले. १९९८ मध्ये ७० होम रन काढणाऱ्या मार्क मॅकग्वायरने २०१० साली स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या पोकळ बॅटींना परवानगी मिळाली होती. त्या लाकडापेक्षा हलक्या, म्हणून अधिक जलद, आणि त्यांची भिंत चेंडूला उसळीही देई. १९९८ च्या महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात २१ विरुद्ध १४ असा धावफलक लागला. करमणूक चांगली झाली. पण साठ फुटांवर उभ्या असलेल्या पिचरच्या तोंडावर परतणारा चेंडू चुकवायला त्याला वेळच उरेना. अखेर नियम झाला की, बॅटची लांबी जितके इंच, त्याहून तिचे वजन तीनपेक्षा अधिक औंसांनी कमी असता कामा नये. २०११ पासून धातूच्या बॅटची उसळी लाकडाच्या जवळ आणणारे आणखी कडक मानक लागू झाले. वेग वाढवण्यासाठी एवढे श्रम केल्यानंतर तो आवरण्यासाठी कायदा करावा लागला, याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. पिचरही कोणाचा तरी मुलगा असतो.

सॉफ्टबॉलची जन्मकथा खेळकर आहे. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, थंडीच्या दिवसांत, मुष्टियुद्धाचा मोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा यांवर हा खेळ सुरू झाला. पुढे तो प्रामुख्याने मुलींचा झाला. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाल्यावर त्याला खरे बळ मिळाले, आणि १९९६ मध्ये ऑलिंपिकचे दार उघडले. येथे पिचर केवळ ४३ फुटांवर असते आणि हात खालून फिरवून चेंडू टाकते. ताशी ६५ मैलांचा तो चेंडूही सेकंदाच्या चार दशांशातच पोचतो. पुरुषांच्या खेळापेक्षा विचाराला अवधी अधिक मिळतो, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. चेंडू मात्र मोठा आणि जड असतो.

टेड विल्यम्सला हे फार लवकर कळले. १९६० मध्ये निवृत्त झाल्यानंतर लवकरच, कनेक्टिकटमधील वॉटरबरी येथे, मुलांच्या कर्करोगावरील निधीसाठी झालेल्या एका प्रदर्शनी खेळात जोन जॉइस या विशीतल्या सॉफ्टबॉलपटूने त्याला चेंडू टाकले. फलंदाजीचे शास्त्र कोळून प्यालेला, अर्ध्या औंसाचा हिशेब ठेवणारा तो महान खेळाडू बॅट फिरवत राहिला आणि चेंडू निसटत राहिले. फार तर एखाद-दुसऱ्याला बॅटची कड लागली. शेवटी त्याने बॅट खाली टाकली आणि तो निघून गेला. २००४ साली जेनी फिंचने पुहोल्सचीही तीच गत केली. प्रयोगशाळेत ताशी ८७ मैल फिरलेली बॅट त्या दिवशी चेंडूला भिडली नाही. खांद्यावरून चेंडू टाकणाऱ्या हजारो पिचरांचे हात पाहून पुहोल्सची नजर घडली होती. खालून येणाऱ्या हातातल्या खुणा तिने कधी वाचल्याच नव्हत्या. सॉफ्टबॉलमधल्या काही चतुर खेळाडू तर डावखुऱ्या बाजूने धावत्या पावलांनी चेंडू नुसता टोलवतात आणि क्षेत्ररक्षिका तो उचलेपर्यंत पहिला टप्पा गाठतात. टाय कॉबने त्यांना शाबासकी दिली असती.

आता मोजणीला प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. बॅटच्या मुठीला लावायची चिमुकली यंत्रे शाळकरी मुलांच्या हाती आली आहेत. मेजर लीगच्या मैदानांवर बसवलेले कॅमेरे प्रत्येक फलंदाजाची प्रत्येक हालचाल टिपतात, आणि मे २०२४ पासून बॅटच्या वेगाचे आकडे सर्वांना पाहता येतात. सर्वसाधारण वेग ताशी ७२ मैलांच्या आसपास निघाला. पहिल्याच वर्षीच्या यादीत सर्वांत वर न्यूयॉर्क यांकीजचा जियानकार्लो स्टँटन होता. त्याचा वेग ताशी सुमारे ८१ मैल. त्या मोसमात त्याने २७ होम रन काढले आणि त्याची सरासरी .२३३ राहिली. यादीच्या तळाशी, ताशी ६३ मैलांच्या आसपास, लुईस अराएझ होता. नॅशनल लीगमधली त्या वर्षीची सर्वोच्च सरासरी, .३१४, त्याचीच होती. आणि सरासरीचा मान त्याला मिळण्याचे ते सलग तिसरे वर्ष होते.